बी कुणाच्या घरचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा तोंडावर आला होता. शेजारची सूनबाई कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "काका, मागच्या अंगणात थोडी भाजी लावावी म्हणते. बी कुठून आणू? दुकानातून, मार्केट यार्डातून, की मोबाईलवरून मागवू?"

प्रश्न दोन मिनिटांचा होता. पण तिनं तो विचारला होता इतिहासाच्या निवृत्त मास्तराला. मी म्हटलं, "बाई, उद्या सांगतो." तो उद्या काही दिवसांनी उजाडला. कारण भाजीचं बी कुठून आणायचं, हे ठरवायला आधी ते कुठून कुठून फिरत आलंय, हे पाहावं लागतं. ते पाहता पाहता मला माझीच एक जुनी चूक सापडली. तीही आज सांगणार आहे.

माझं लहानपण निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. आमच्या घरात बी विकत आणलेलं मला आठवत नाही. माजघराच्या कोपऱ्यात आजीची उतरंड होती. खालच्या मडक्यांत धान्य, मधल्यांत डाळी आणि सगळ्यात वरच्या बोळक्यांत बी. वालाचं, घेवड्याचं, चवळीचं बी राखेत घोळून ठेवलेलं. वांग्याचं आणि मिरचीचं फडक्याच्या पुरचुंडीत. दोडका वेलावरच वाळवून चुलीवरच्या आढ्याला टांगलेला. धुरानं तो काळा पडायचा, पण आतल्या बियांना कीड लागत नसे. वेलावरचं पहिलं चांगलं फळ आम्हां मुलांना तोडू देत नसत. "ते बियाला आहे," एवढंच आजी म्हणायची. घरात देवाच्या नैवेद्याखालोखाल मान त्या फळाला होता.

बी संपलं किंवा बिघडलं तर बाजार आठवायचा नाही, शेजारीण आठवायची. मूठभर न्यायचं आणि पुढच्या वर्षी मूठभर आणून द्यायचं. धान्याच्या बियाचं तसं नव्हतं. ते सावकाराकडून वाढीदिढीनं यायचं, म्हणजे पेरणीला एक पायली घेतली तर सुगीला दीड पायली द्यायची. भाजीच्या बियाला मात्र व्याज नव्हतं. तो बायकांचा व्यवहार होता, म्हणून तो सावकाराच्या वहीत गेला नाही. जमाबंदीच्या जुन्या कागदांत जिरायत सापडते, बागायत सापडते. पण परसातल्या पुरचुंडीची नोंद कोण ठेवणार?

तरीही त्या परसाचा एक दस्तऐवज आपल्याकडे शिल्लक आहे आणि तो दर भाद्रपदात आपण खातो. ऋषिपंचमीची भाजी! त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाच्या हातानं पिकलेलंच खायचं. म्हणजे शेतातलं नाही, परसातलं. त्या भाजीत काय काय पडतं ते आठवा. अळू, माठ, दोडका, पडवळ, भेंडी, काकडी, सुरण. जुन्या परसबागेची ही यादीच आहे. या यादीत कोबी नाही, फ्लॉवर नाही, टोमॅटो नाही. गंमत अशी, की त्याच भाजीत आपण मक्याचं कणीस आणि लाल भोपळाही घालतो आणि ते दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. कधीतरी मागच्या दारानं आत आले आणि घरचेच झाले. त्यांचं बी परसात धरता येत होतं, म्हणून ते आजीच्या बोळक्यात बसले आणि पुढे ऋषींच्या पानातही. जे बी घरात धरता येतं ते घरचं होतं, हा नियम इथंच लक्षात ठेवा.

आता कोबी-फ्लॉवरकडे वळू. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. बागांचं हे गाव, भाजी पिकवणारं. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईचा बाजार नाशिकला जवळ झाला. देवळालीला गोऱ्या पलटणींच्या बराकी होत्या. साहेबाच्या टेबलावर त्याच्या ओळखीची भाजी लागायची. कोबी तोवर आपल्याकडे पोहोचला होता. 'कोबी' हा शब्दच पोर्तुगीजांच्या 'कोव्ह'वरून आलेला. फ्लॉवर उशिरा आला. १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेचे डॉ. जेमसन यांनी लंडनच्या क्यू उद्यानातून त्याचं बी आणलं, असं वनस्पतिशास्त्राची पुस्तकं सांगतात.

या पाहुण्यांची एक अडचण होती. मेथी पेरली की महिन्या-दीड महिन्यात फुलावर येते. कोबी तसा नाही. पहिल्या हंगामात तो गड्डा धरतो आणि फुलावर यायला त्याला कित्येक आठवड्यांची सलग कडाक्याची थंडी लागते. आमच्या निफाडला थंडी काही कमी नाही. २०१८ च्या डिसेंबरात तिथला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. पण ती चार दिवसांची. मार्च लागला की ऊन तापतं. त्यामुळे इथं कोबी उत्तम पिकतो, पण बी धरत नाही. म्हणजे भाजी आपल्या अंगणात आणि तिचं बी परमुलखात. परसाच्या इतिहासात ही गोष्ट नवी होती. दरवर्षी बी विकत घ्यावं लागेल, अशी भाजी पहिल्यांदाच घरात आली होती.

तिथून बियांचं दुकान आलं. इंग्लंडात १८०६ मध्ये सुरू झालेल्या सटन्स कंपनीचं बी बोटीनं वसाहतींत जाई. पुण्यात १८८४ साली पेस्तनजी पोचा यांची पेढी सुरू झाली आणि छापील सूचीतून बी निवडण्याची सवय आपल्याकडच्या बागवाल्यांना लागली. आज मोबाईलवर चित्रं पाहून आपण बी मागवतो, तो त्याच सवयीचा नातू.

हे परावलंबन किती नाजूक आहे ते दुसऱ्या महायुद्धानं दाखवलं. बोटी थांबल्या, तसं परदेशी बी थांबलं. तेव्हा कुठे थंड मुलखात आपलं बी पिकवायची धावपळ झाली. बलुचिस्तानात क्वेट्टा आणि हिमालयातल्या कुलू खोऱ्यात कटराईन, या दोन जागा त्यासाठी पुढे आल्या. १९४७ ला फाळणी झाली आणि क्वेट्टा सरहद्दीच्या पलीकडे गेलं. फाळणीत माणसं गेली, गावं गेली, हे आपण शिकवतो. कोबीच्या बियाचं एक माहेरही गेलं, हे मी तरी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. पुढे कटराईनलाच दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं भाजीपाला केंद्र उभं राहिलं.

फ्लॉवरची गोष्ट यापेक्षा आशेची आहे. उत्तरेकडच्या माळ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करत असा फ्लॉवर तयार केला, की जो उकाड्यातही गड्डा धरतो आणि सपाट प्रदेशातच बी देतो. साहेबाचं पीक त्यांनी आपल्या हवेला बसवलं. हे कुण्या प्रयोगशाळेत झालं नाही. चांगलं झाड खायचं नाही, बियाला ठेवायचं, या आजीच्याच नियमानं झालं.

हाच नियम नाशिकच्या कांद्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. आमच्याकडे कांद्याच्या बियाला उळं म्हणतात. चाळीतले चांगले, एकसारखे, एकडोळी कांदे निवडायचे, दिवाळीच्या सुमारास लावायचे, त्यांचे डोंगळे येतात, पांढरे गोंडे फुलतात, मधमाश्या घोंगावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी काळं बी हाती येतं. कित्येक शेतकरी अजूनही घरचंच उळं टाकतात. १९४७ साली लासलगावची बाजार समिती स्थापन झाली, तेव्हा तिथं आलेला कांदा याच घरगुती उळ्यांतून उगवलेला असणार.

मग शास्त्रज्ञ आले. त्यांनी काय केलं? निफाडचा एन-५३ घ्या, पिंपळगाव बसवंतचा एन-२-४-१ घ्या. हे वाण नाशिकच्या शेतकऱ्यांच्या कांद्यातूनच निवडून काढलेले आहेत. १९७७ मध्ये नाफेडच्या पुढाकारानं जी संस्था निघाली आणि पुढे राष्ट्रीय बागवानी अनुसंधान व विकास प्रतिष्ठान म्हणून ओळखली गेली, तिचं केंद्र निफाड तालुक्यात चितेगाव फाट्याला आहे. तिचा ॲग्रीफाउंड डार्क रेड हा नाशिक भागातल्या खरिपाच्या कांद्यातून निवडला गेला आणि ॲग्रीफाउंड लाईट रेड दिंडोरी भागातल्या कांद्यातून. आपण पाकीट विकत घेतो, त्यावर इंग्रजी नाव असतं, आकडे असतात. पण आतला दाणा दिंडोरीच्या कुणा शेतकऱ्याच्या मडक्यातून निघालेला असतो. शास्त्रज्ञांनी तो पारखला, एकसारखा केला, वाढवला. हे काम मोलाचं आहेच. पण पहिली निवड कुणाची, हे विसरू नये.

इथं घरच्या बागेसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कांदा दिवसाची लांबी ओळखतो. थंड देशांतले कांदे गड्डा धरायला चौदा तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठा दिवस मागतात. नाशिक वीस अंश अक्षांशावर. ऐन हिवाळ्यात आपला दिवस जेमतेम अकरा तासांचा. त्यामुळे परदेशी पाकिटावरच्या देखण्या कांद्याचं बी इथं हिवाळ्यात पेरलं तर पात भरपूर मिळेल, कांदा मिळणार नाही. चित्र खोटं नसतं, पण ते दुसऱ्या गावच्या सूर्याखाली काढलेलं असतं.

स्वातंत्र्यानंतर बियाला सरकारी शिक्का आला. १९६३ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळ, १९६६ साली बियाणे कायदा, १९७६ साली अकोल्याला आपलं महाबीज. खासगी क्षेत्रातही महाराष्ट्र मागे नव्हता. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिको काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुसा सावनी हा पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारा वाण. पण रोगही शिकतो. काही वर्षांनी ती भेंडीही पिवळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठानं पुसा सावनीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर करून, त्यातून निवड करत १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' दिली. एवढ्यासाठीच जुने आणि रानटी वाण जपायचे असतात. अडचणीच्या वेळी घराण्यातला कुठला दूरचा भाऊ उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

याच काळात संकरित बी आलं. बंगळूरच्या इंडो-अमेरिकन कंपनीनं १९७३ साली टोमॅटोचा 'कर्नाटक' आणि ढोबळी मिरचीचा 'भारत' हे संकरित वाण बाजारात आणले. संकरित म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांचं लग्न लावून पहिल्या पिढीचं बी विकायचं. ही पहिली पिढी जोमदार, एकसारखी, भरघोस. गिरणारे आणि पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे जे ढीग लागतात, त्यांमागे हा जोम आहे. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही.

पण मी फसलो तो इथंच. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी संकरित टोमॅटोचं पाकीट आणलं. फळं अशी आली, की लोक बघायला यायचे. मला आजी आठवली. सगळ्यात चांगलं फळ वेगळं ठेवलं, गर दोन दिवस आंबवला, बी धुऊन सावलीत वाळवलं, राखेत घोळलं. पुढच्या वर्षी वीस रोपं लावली. एकावर गोल फळ, एकावर लांबट, एक बुटकं, एकावर नुसता पाला. मला वाटलं माझं खत चुकलं. शेवटी कृषी खात्यात नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी हसत म्हणाला, "सर, पेरावे तसे उगवते हे तुम्हीच शिकवलंत. पण संकरित बियाला ते लागू नाही. पहिल्या पिढीत झाकलेले आजे-पणजे दुसऱ्या पिढीत वर येतात." हजारो वर्षं खरी ठरलेली म्हण एका पाकिटानं खोटी पाडली होती. दुकानदारानं फसवलं नव्हतं. पाकिटावर 'संकरित' असं स्पष्ट छापलेलं होतं. मीच ते वाचलं नव्हतं.

दुसरा फटका बसला तो उळ्याचा. एका दुकानातून सुटी पुडी आणली. वाफ्यात एकही अंकूर धड दिसेना. कांद्याचं बी साध्या हवेत वर्षभरानंतर फारसं उगवत नाही आणि ती पुडी कधीची होती, देव जाणे. तेव्हापासून मी पाकीट उलटं करून वाचतो. चाचणी कधी झाली, मुदत कधीपर्यंत आहे, उगवण किती टक्के. कांदा, टोमॅटो, वांगी यांची उगवण किमान ७० टक्के हवी, भेंडीची ६५, मिरचीची ६०. पायाभूत बियाला पांढरं लेबल असतं, प्रमाणित बियाला निळं आणि उत्पादकानं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या 'सत्यप्रत' बियाला हिरवं. आजीला हे वाचावं लागत नव्हतं, कारण तिच्या बियाची हमी शेजारीण देत होती. अनोळखी माणसाकडून बी घ्यायचं तर विश्वासाची जागा कागदाला घ्यावी लागते. लेबल ही त्या विश्वासाची पावती, ती पाहूनच घ्यावी.

आणि घरात बी नसलं की काय होतं, तेही आपण अलीकडेच पाहिलं. २०२० साली पावसानं उळ्याचं नुकसान झालं, भाव भडकले आणि ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारनं कांद्याच्या बियाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या हंगामात ज्याच्या घरी डोंगळ्याचं बी होतं, तो निवांत होता. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानंही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही, एवढीच अट. हक्क आहे, पण तो बजावायला मडक्यात बी हवं.

आता माझी ती जुनी चूक. आजीच्या उतरंडीत एक घेवडा होता. शेंग रुंद, कडेला जांभळी रेघ, दाणा काळसर. आमच्या घरी त्याला दुसरं नाव नव्हतं, 'आपला घेवडा' एवढंच. आजी गेली, मग आईनं तो धरला. आई नाशिकला माझ्याकडे आली तेव्हा गावचं घर बंद झालं आणि पुढे पाडलं गेलं. घर आवरायला मी स्वतः गेलो होतो. आजोबांचे मोडी कागद मी जपून आणले, पितळी भांडी आणली, एक जुना कंदील आणला. उतरंड मात्र तिथल्या तिथे फोडून टाकली, कारण मडकी टेम्पोत फुटतील असं वाटलं. वरच्या बोळक्यांत काय आहे, हे मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. आयुष्यभर कागद जपायला शिकवलेला मास्तर, आणि जिवंत दस्तऐवज त्यानं उकिरड्यावर टाकला.

पुढे राहीबाई पोपेरे यांच्याबद्दल वाचलं. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवड्यापासून कितीतरी गावरान वाण गोळा केले, 'बायफ' या संस्थेच्या साथीनं बियाणं बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे केलं ते आमच्या आजीच करत होत्या. फरक इतकाच, की बाकीच्या घरांत ते थांबलं आणि कोंभाळण्यात ते थांबू दिलं गेलं नाही. बातमी वाचल्यावर मी आमचा घेवडा बुधवारच्या बाजारात गोदाकाठी शोधला, आदिवासी भागातून येणाऱ्या बायकांकडे विचारला. जवळचा मिळाला. जांभळ्या रेघेचा मिळाला नाही.

तर सूनबाईला मी काय सांगितलं? म्हटलं, बियाची तीन दारं आहेत. पहिलं दार स्वयंपाकघराचं आणि शेजारणीचं. मेथी आणि धने डब्यातलेच पेर, फक्त धने हलके रगडून दोन फाकी कर. वाल, घेवडा, चवळी यांचं बी ओळखीच्या हातून घे, कारण यांचा वाण सहसा भेसळत नाही आणि तुला दरवर्षी धरता येईल. दुसरं दार कृषी विद्यापीठाचं, महाबीजचं, चितेगावसारख्या केंद्राचं. कांदा, भेंडी, वांगं यांचे सुधारित सरळ वाण तिथून घे. सरळ वाणाचं बी पुन्हा धरता येतं, मात्र मधमाशी शेजारच्या शेतातूनही येते, हे लक्षात ठेव. तिसरं दार दुकानाचं. कोबी, फ्लॉवर आणि संकरित टोमॅटोसाठी तिथं खुशाल जा, तारीख वाचून पाकीट घे, आणि दरवर्षी पुन्हा यावं लागेल हे समजून घे. मोबाईलवरून मागवायचं तर तोही या तिसऱ्या दाराचाच धाकटा भाऊ. तिथं चित्राआधी लेबलाचा फोटो मागायचा.

आणि कुठल्याही दारात एकच प्रश्न विचार: हे पुढच्या वर्षी माझ्या घरी उगवेल का? उत्तर 'नाही' असलं तरी घ्यायला हरकत नाही. पण निदान एका भाजीचं उत्तर 'हो' असू दे.

मग मी आत गेलो आणि बाजारातून आणलेल्या त्या घेवड्याची पुरचुंडी तिला दिली. ती पैसे विचारायला लागली. म्हटलं, पैसे नकोत. वेलावरची पहिली चांगली शेंग तोडू नकोस, आणि पुढच्या ज्येष्ठात मूठभर बी परत आणून दे.